तिबोटी खंड्याचे चौथे बोट

राज्य मंडळाच्या शाळेतून दहावी होणारे प्रत्येक मूल उत्क्रांतीवरचे एक प्रकरण वाचते. बालभारतीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या पुस्तकातले ते पहिलेच प्रकरण : ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. २०१८ साली नव्या अभ्यासक्रमाबरोबर ते आले. उत्क्रांतीवर मराठीत चांगली पुस्तके आहेत, सदरे आहेत. पण या काही पानांइतका वाचक त्यांतल्या कशालाच लाभला नसणार. तरीही या पानांची समीक्षा कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. पाठ्यपुस्तकात एखादा नकाशा चुकला तर बातमी होते, पण पाठ्यपुस्तक युक्तिवाद कसा करते याकडे समीक्षक म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय नाही. माझे आयुष्य जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावण्यात गेले. त्यामुळे एखादा मजकूर आपले म्हणणे कशाच्या बळावर सिद्ध करतो, हे पाहण्याची खोड मला आहे. राहतो पनवेलला, आणि कर्नाळ्याच्या रानात जाणे-येणे असते. ते प्रकरण मी त्या रानाला लावून वाचले.

असे वाचावेसे वाटण्याचे कारण २०१८ सालच्याच जानेवारीतले आहे. औरंगाबादेत एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरवला. वानराचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, आपल्या पूर्वजांनी तसे कुठे लिहून किंवा सांगून ठेवले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांतून हे शिकवणे बदलले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा इन्कार केला. पुढे २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती गळाली आणि नुसती आनुवंशिकता राहिली. १८००हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. आज केंद्रीय मंडळाचे मूल अकरावीत जीवशास्त्र घेणार नसेल, तर डार्विन त्याच्या अभ्यासात येतच नाही. राज्य मंडळाच्या मुलाच्या वाट्याला तो अजून आहे. पण राज्याच्या अभ्यासक्रमाची फेररचना पहिलीपासून सुरू झाली आहे, आणि कधीतरी ती दहावीपर्यंत पोचेल. त्या वेळी या प्रकरणाची बाजू घ्यायची, तर आधी त्यात काय आहे आणि काय नाही हे माहीत पाहिजे.

प्रकरणाचा सर्वांत चांगला गुण म्हणजे ते भित्रे नाही. उत्क्रांती झाली, आजचे जीव पूर्वीच्या जीवांपासून आले, माणूसही आला, हे ते सरळ सांगते. आडवळण नाही, ‘काहींचे असे मत आहे’ नाही. मग ते पुरावे देते : बाह्यरूपीय, शरीरशास्त्रीय, अवशेषांगे, पुराजीवविषयक, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञानविषयक. प्रत्येकाला एक परिच्छेद आणि बहुतेकांना चित्र. परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून विचारायला ही मांडणी फार सोयीची आहे. मात्र पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधला सांधा ती कुठे दाखवत नाही.

शरीरशास्त्रीय पुरावा घेऊ. माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. वरून एकमेकांशी संबंध नाही, पण आत हाडांची मांडणी एकच. पुस्तक म्हणते, हे साम्य समान पूर्वजाकडे निर्देश करते. का करते? वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीने विचारले की एकाच कारागिराने सगळे घडवले म्हणून मांडणी सारखी असेल, तर बाईंनी काय सांगायचे? प्रश्न वेडगळ नाही. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने अशा साम्याची शास्त्रीय व्याख्या १८४३ साली केली, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या १६ वर्षे आधी. या साम्यामागे त्याला निर्मात्याच्या मनातला एक आदर्श आराखडा दिसत होता, आणि पुढे तो डार्विनच्या कडव्या विरोधकांपैकी एक झाला. (याच ओवेनने १८४७मध्ये वरळीच्या खडकात सापडलेल्या एका चिमुकल्या बेडकाच्या जीवाश्माचे नामकरण केले. त्या बेडकाकडे पुढे यायचेच आहे.) तेव्हा हात आणि पंख यांचे साम्य ठाऊक असूनही समान पूर्वज नाकारता येतो. साम्य हा पुराव्याचा कच्चा माल आहे. त्यातला कोणता भाग वंशाबद्दल बोलतो आणि कोणता नाही, हे निवडावे लागते, आणि ही निवड प्रकरणात नाही.

ही निवड करण्याची रीत वाङ्मयाच्या वाचकाला परकी नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ला पुरे झाले. विष्णु सीताराम सुकठणकर १९२५पासून त्याचे प्रमुख संपादक होते. एकूण १२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. मूळ महाभारत लिहिताना कोणी पाहिले नव्हते, मूळ प्रत कोणाच्या हाती नव्हती. हाती होत्या त्या काश्मीरपासून केरळापर्यंत पसरलेल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या, एकमेकींशी भांडणाऱ्या प्रती. त्यांतून कोणती प्रत कोणाची वंशज हे कसे ठरवायचे?

दोन प्रतींत एखादा श्लोक शुद्ध आणि सारखा असेल, तर त्यावरून त्यांच्या जवळच्या नात्याबद्दल फारसे कळत नाही. दोघींनी तो स्वतंत्रपणे, दूरच्या मुळातून नीट उतरवलेला असू शकतो. पण दोन्ही प्रतींत एकाच ठिकाणी तीच ओळ गळलेली असेल, तोच अर्थहीन शब्द बसलेला असेल, तर त्या दोघींच्या मागे ती चूक करणारी एक तिसरी प्रत आहे. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की लेखनिकाची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर जातो. पुढचा लेखनिक त्या गळलेल्या मजकुराची प्रामाणिक नक्कल करतो. पोथ्यांवर काम करणारा माणूस म्हणून चुकांवर जीव लावतो. अर्थात एका चुकीवर कोणी वंशावळ उभारत नाही. दोन लेखनिक एकाच जागी अडखळू शकतात. अशा चुका दहा ठिकाणी जुळल्या, की योगायोगाला जागा उरत नाही.

आता कर्नाळा. मुंबई-गोवा महामार्गालगत, पनवेलपासून जवळ, अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशी सुमारे १२ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथे तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. रायगडचा हा जिल्हापक्षी. चिमणीपेक्षाही लहान, निळा, जांभळा, केशरी, पिवळा असे सगळे रंग एकाच अंगावर. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्ले वाढवतो, त्यांना पाली-सरडे, बेडकुळ्या, खेकडे भरवतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे जातो. त्याच्यामागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांची जूनपासून रीघ लागते. रंगांची छायाचित्रे शेकड्यांनी निघतात, पायाचे क्वचित.

खंड्यांच्या पायाची घडण ठरलेली आहे : पुढे तीन बोटे, मागे एक, आणि पुढच्यांपैकी दोन बरीचशी जुळलेली. आपल्या तळ्याकाठचा छोटा खंड्या असो की तारेवर बसणारा पांढऱ्या छातीचा, हिशेब चारचा. तिबोटीच्या पायाला पुढचे आतले बोट नाही. आग्नेय आशियात, थेट न्यू गिनीपर्यंत त्याचे भाऊबंद पसरले आहेत. त्यांच्याही पायाला तेच बोट नाही, किंवा नावापुरते उरले आहे. बेटे वेगळी, रंग वेगळे, पण गळलेली ओळ तीच.

याच्या शेजारी दक्षिणेकडच्या सह्याद्रीतला तीन बोटांचा सोनपाठी सुतार ठेवावा. त्यालाही तीनच बोटे. नुसते मोजून पाहणारा म्हणेल, दोघे नातलग. पण सुताराचे हरवलेले बोट मागच्या बाजूचे, आपण अंगठा म्हणू ते, पहिले बोट आहे. दोन पोथ्यांत एकेक ओळ कमी आहे. पण ओळी वेगळ्या. म्हणून हे दोन तिबोटे एकमेकांचे कोणी नव्हेत. खंड्या बाकीच्या खंड्यांचा आणि सुतार बाकीच्या सुतारांचा, हे पायावरूनच कळते. साम्य आणि नाते यांतला फरक दहावीच्या मुलाला दाखवायला इतके सोपे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. प्रकरणात अवशेषांगांचा परिच्छेद आहे. त्यात आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढा येतात. पुस्तकाच्या हातात हुकमाचे पान होते, पण ते इतर पानांत मिसळून ठेवले आहे. निरुपयोगी अवयव ‘आहेत’ एवढेच ते सांगते. निरुपयोगी गोष्टच नात्याबद्दल सर्वांत विश्वासू साक्ष का देते, ते सांगत नाही. उपयोगी गोष्ट गरजेपोटी दोनदा, तीनदा स्वतंत्रपणे घडू शकते. पक्ष्याला पंख आहेत, वटवाघळाला आहेत, चतुरालाही आहेत. मोडकी गोष्ट त्याच ठिकाणी, त्याच रीतीने पुन्हापुन्हा मोडायला तसे काही कारण नसते.

मला सर्वांत खटकते ते पुढचे. या प्रकरणाची सुरुवातच डीएनएपासून होते. डीएनएवरून आरएनए, त्यावरून प्रथिन, मध्ये उत्परिवर्तन. म्हणजे एका प्रतीवरून दुसरी प्रत कशी उतरते आणि नकलताना चूक कशी होते, हे मुलाला आधीच शिकवलेले असते. आणि पाने उलटून पुराव्यांपाशी आलो की डीएनए नाहीसा! अक्षरशः ज्या पोथीत पूर्वजांच्या चुका टिकल्या आहेत, ती पोथी साक्षीला बोलावलेलीच नाही.

कर्नाळ्यात गडाच्या वाटेवर काळ्या तोंडाची वानरे दिसतात, आणि लाल तोंडाची माकडेही. ही लाल तोंडाची माकडे मकाक कुळातली. गाय, कुत्रा, शेळी यांच्या शरीरात क जीवनसत्त्व यकृतात तयार होते. आपल्याला ते आवळ्या-लिंबातून घ्यावे लागते, नाही तर हिरड्यांतून रक्त येते. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीला लागणाऱ्या विकराचे जनुक आपल्यात आहे, पण मोडलेले आहे : तुकडे गळालेले, अक्षरे सुटलेली. चिंपांझी, ओरांगउटान, मकाक यांच्यातही तेच जनुक मोडलेले आहे, आणि काही मोडतोड बरोबर त्याच जागी आहे. गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. त्याचेही जनुक मोडके, पण मोडतोडीचा नमुना वेगळा. खंड्या आणि सुताराचा हिशेब इथे अक्षरांच्या पातळीवर पुन्हा मांडलेला आहे. कारागिराने माणूस आणि माकड वेगवेगळे घडवले असे धरले, तर त्याने दोघांतही न चालणारे यंत्र, तोच दात तुटलेल्या त्याच चक्रासकट बसवले, असे म्हणावे लागेल.

पक्ष्यांचेही तसेच. कर्नाळ्याच्या एकाही पक्ष्याला दात नाहीत. २०१४ साली ४८ जातींच्या पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले. दातांचे इनॅमल आणि दंतिन बनवणाऱ्या जनुकांचे अवशेष सगळ्यांत सापडले आणि त्यांतले काही बिघाड ४८च्या ४८ जातींत सामाईक निघाले. म्हणजे दात गेले ते एका पूर्वजात, ११ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, आणि आजचे सगळे पक्षी त्या एका प्रतीच्या नकला आहेत.

एवढी वर्षे मोजतात कशी, हा प्रश्न यावर यायला हवा, आणि इथे प्रकरण मुलाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडते. जीवाश्मांच्या पुराव्याला जोडून ते कार्बन वयमापन समजावते. पद्धत खरी, विलार्ड लिबी यांना १९६०चे नोबेल मिळाले तेही खरे. पण कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. त्याने पुरातत्त्ववाल्यांचा कोळसा मोजता येतो, डायनोसॉर येत नाही. कर्नाळ्याचा सुळका ज्या बेसाल्टचा आहे तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे वय अरगॉन आणि युरेनियम-शिसे यांच्या घड्याळावर मोजले आहे. वरळीचा बेडूक याच लाव्ह्याच्या थरांमधला. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात तिथे तळी साचली, गाळ बसला, बेडूक जगले-मेले, आणि वर पुन्हा लाव्हा आला. महाराष्ट्रातल्या मुलाच्या पायाखाली हे घड्याळ असताना त्याच्या हातात कार्बनचे द्यावे, याचे मला नवल वाटते.

‘जोडणारे दुवे’ या परिच्छेदाबद्दल माझी तक्रार शब्दाची आहे. बदकचोच्या प्लॅटिपस अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो, म्हणून तो सरीसृप आणि सस्तन यांतला दुवा, असे पुस्तक सांगते. दुवा म्हटला की साखळी आली, आणि साखळीत पुढची कडी मागच्या कडीतून निघते. पण प्लॅटिपस आपला समकालीन आहे, पूर्वज नाही. पूर्वजांच्या काही जुन्या लकबी त्याच्या घराण्याने राखल्या, इतकेच. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा महाभारताची सर्वांत आटोपशीर, म्हणून सुकठणकरांनी तिला मान दिला. पण तिला त्यांनी मूळ महाभारत म्हटले नाही. मुलाच्या मनात साखळी बसली की पुढचा प्रश्न अटळ असतो : माकडापासून माणूस झाला, तर अजून माकडे कशी? मंत्र्यांच्या बोलण्याच्या मुळाशीही ही साखळीच होती. डार्विनच्या १८५९च्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती फांद्याफांद्यांच्या झाडाची आहे.

यात मराठी शब्दाचाही वाटा आहे. ‘उत्क्रांती’त वर चढणे आहे. जुन्या संस्कृतात, ब्रह्मसूत्रांत, तो जीवाने देह सोडून जाण्याचा शब्द होता. आपण तो प्रगतीच्या जिन्याला लावला. टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी डार्विन आणि हेकेल यांना बसवले, तेव्हाही आकर्षण क्रमाचेच होते : साध्यापासून गुंतागुंतीकडे. दशावतारात उत्क्रांती पाहणारे आजही मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम बोटांवर मोजतात. त्या कल्पनेत मला गंमत वाटते, पण पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही, कारण तिथे कोणीच कोणाची चूक वारशाने घेत नाही. डार्विनचा स्वतःचा आवडता शब्दप्रयोग बदल होत होत वंश उतरत जाण्याचा होता. त्याने पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम वापरलेले नाही. आता शब्द बदलता येणार नाही; तो रुळला आहे. त्याच्या पोटातला जिना काढून टाकणे हे मजकुराचे काम होते.

पोथ्यांची उपमा सगळीकडे पुरत नाही, हे सांगितले पाहिजे. सुकठणकरांपुढची खरी अडचण अशी होती की महाभारताच्या प्रती निव्वळ आईकडून मुलीकडे गेलेल्या नव्हत्या. लेखनिक दोन-दोन पोथ्या समोर ठेवून हवे ते उचलत. काशीच्या यात्रेत दक्षिणेचे श्लोक उत्तरेत मिसळत. त्यामुळे शुद्ध वंशवृक्ष काढणे त्यांना अशक्य झाले आणि १९३३च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी ते स्पष्ट मांडले. जिवाणूंचेही असेच आहे; ते शेजाऱ्याकडून जनुके उसनी घेतात आणि त्यांच्या पातळीवर झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. पण खंड्या, सुतार, माकड, माणूस यांच्या शाखांत ही सरमिसळ इतकी थोडी आहे की त्यांची पोथी सुकठणकरांच्या पोथ्यांपेक्षा वाचायला कितीतरी सोपी जाते.

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. प्रतींच्या साक्षीने ती मागाहूनची ठरली आणि परिशिष्टात गेली. हा निर्णय घेताना व्यासांच्या काळातला प्रत्यक्षदर्शी कोणी मागितला नाही. आणि ज्यांनी औरंगाबादेत तो मागितला, ते राजकारणात येण्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पाहणारा कोणी नसताना बोटांच्या ठशावर गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्या खात्याइतके कोणाला ठाऊक असणार?

प्रकरणाचे पुनर्लेखन होईल तेव्हा फार उलथापालथ लागणार नाही. अवशेषांगे आधी घ्यावीत, हात-पंख नंतर. सुरुवातीचा डीएनए पुराव्यांपर्यंत आणावा आणि क जीवनसत्त्वाचे मोडके जनुक, गिनीपिगच्या जनुकासकट, अर्ध्या पानात सांगावे. दहावीच्या मुलाला त्यात न कळण्यासारखे काही नाही. कार्बनच्या जागी दख्खनचा दगड यावा. उदाहरणांसाठी दूर जायला नको. शाळांच्या सहली कर्नाळ्याला येतात त्या बहुधा थंडीत, आणि तेव्हा तिबोटी खंड्या दक्षिणेत गेलेला असतो. पण वाटेवरच्या झाडांवर माकडे असतात, आणि मुलांच्या डब्यात लिंबाची फोड असते.